काडी क्रमांक त्रेपन्न, तिसरा मजला, डावीकडे

वाल्डॉर्फ, २ मे २०२५

चि. ज्ञानदा,

आत्माराममामाचे आशीर्वाद. ते वीस ग्रॅमच्या आत बसवले आहेत, म्हणजे साध्या तिकिटात पोचतील.

तू म्हणशील, मामा, फोन का नाही केला. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं. मी एकोणचाळीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली शेवटची अकरा वेंगुर्ल्याला पोस्टमास्तर म्हणून. महत्त्वाचं जे असेल ते मी पत्रातूनच सांगणार, तुला आवडो न आवडो.

परवा सुलेखाचा फोन आला होता. तुझ्या आईने सगळी हकिकत सांगितली. तुझा तो प्रोफेसर, ज्याला हे लोक डॉक्टरफाटर म्हणतात, म्हणजे डॉक्टरकीपुरता बाप, तो तुला अर्ध्यावर सोडून पोर्तुगालला शेळ्या पाळायला गेला, हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. तीस जूनच्या आत दुसरा प्रोफेसर मिळून त्याची सही झाली नाही, तर साडेतीन वर्षांचं काम पाण्यात आणि तू परत पुण्यात, असं म्हणून सुलेखा रडली.

मी इथे ओजसकडे तीन महिन्यांसाठी आलोय. मुलगा आणि सून दिवसभर कंप्युटरसमोर असतात, आणि दुपारी रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. म्हणून मी कोपऱ्यावरच्या चिनी हॉटेलात जाऊन बसतो. मालकीण फ्राऊ लिन, तैवानची. हॉटेलात आतल्या बाजूला, कोट अडकवायच्या खुंट्यांशेजारी, तिने देवी मांडली आहे आणि देवीपुढे बांबूचा नळा, त्यात शंभर काड्या. प्रत्येक काडीवर नंबर. देवीला नाव, जन्मतारीख आणि राहायचा पत्ता सांगायचा, एकच प्रश्न विचारायचा आणि नळा हलवत राहायचं. जी काडी बाहेर पडेल ती आपली. मग दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी आणि एक पालथी पडली की देवी हो म्हणाली. असं लागोपाठ तीनदा व्हावं लागतं.

अगं, हा तर आपला कौल. आपण गावच्या रवळनाथाला कौल मागताना फुलांच्या पाकळ्या लावतो, ही काड्या हलवते, एवढाच फरक. मी फ्राऊ लिनला म्हटलं, बाई, हे खातं मला ठाऊक आहे. चपला काढल्या आणि तुझ्या नावाने रीतसर गाऱ्हाणं घातलं, मालवणीत. दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला कुणीतरी लागतं. ते तिचा आचारी म्हणाला. तो व्हिएतनामचा आहे, पण सूर चांगला लागला.

काडी पडली त्रेपन्न नंबरची. चंद्रकोरींनीही तीनदा होकार दिला. त्या नंबरचा कागद फ्राऊ लिनने वाचून दाखवला: "वाट बर्फात बुडाली आहे. कुणीतरी कोळसा घेऊन दाराशी येईल. नाव विचारू नका, आधी आत घ्या." म्हणाली, वाईट दिवसांत न हलणारा माणूस मिळतो, त्याची ही काडी.

खबरदारी म्हणून हाच मजकूर तिच्या पुस्तकातून जर्मनमध्ये उतरवून एका पोस्टकार्डावर वेगळा टाकला आहे. देवी नाव विचारू नका म्हणते, म्हणून त्यावर नाव घातलेलं नाही. फक्त पत्ता: काष्टानियेनआले हा रस्ता, घर नंबर, तिसरा मजला, डावीकडे. दोन्हींची पोच दे.

तुझा
आत्माराममामा


ब्राउनश्वाइग, १८ मे २०२५

मामा,

साष्टांग नमस्कार. मनातल्या मनात घालते, कारण खोलीत तेवढी जागा नाही.

पोच देते. दोन्ही पोचली. पण मी काष्टानियेनआलेवरचं घर जानेवारीतच सोडलं, मामा. आता हॉस्टेलच्या एका खोलीत राहते. तुमच्या डायरीत जुना पत्ता आहे आणि तुम्ही तोच देवीला सांगितलात. पुढे जे झालं ते ऐका, आणि बसून वाचा.

शुक्रवारी तिसऱ्या प्रोफेसरनेही नाही म्हटलं. इथले लोक नाही म्हणण्याआधी खिडकी उघडून खोलीत ताजी हवा घेतात आणि तुमचा विषय किती महत्त्वाचा आहे ते सांगतात. खिडकीकडे हात गेला की मी समजते. त्याच संध्याकाळी इन्स्टिट्यूटच्या मागे ग्रिल होतं, म्हणजे कोळशावर भाजून खायचा कार्यक्रम, आणि कोळसा आणायची पाळी माझी. दहा किलोची पिशवी खांद्यावर टाकून मी वाटेत जुन्या घरी डोकावले, कारण व्हिसाच्या कचेरीचं एक पत्र तिकडे गेलं असेल अशी भीती होती.

बेल वाजवली. एका उंच म्हाताऱ्याने दार उघडलं, आधी मला बघितलं, मग पिशवीला, आणि म्हणाला, "एंडलिश." म्हणजे, आलात एकदाचे.

मी नाव सांगायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला. नाव नको, आत या. टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या होत्या आणि मध्ये केक. दुसरा तुकडा संपेपर्यंत त्या माणसाने मला एक शब्द विचारला नाही. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्या अनोळखी माणसासमोर बसून हमसून हमसून रडले. त्याने पेपर टॉवेलचा अख्खा रोल माझ्यापुढे सरकवला आणि कॉफी करायला गेला.

मग फ्रिजवर तुमचं पोस्टकार्ड दिसलं, लोहचुंबकाने लावलेलं. त्यांचं नाव हेर विटेकोप, हेर म्हणजे इथलं श्रीयुत. वय अठ्ठ्याहत्तर, रिटायर झालेले सुतार, लग्न केलेलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे: कार्डावर नाव नाही, पत्ता माझा, म्हणजे कार्ड माझं. कार्ड आल्यापासून रोज संध्याकाळी दोन ताटल्या मांडून ते कोळशाची वाट बघत होते. तुमचं पाकीट मात्र माझ्या नावाचं, म्हणून न उघडता ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. बेलवर माझं नाव अजून तसंच आहे. ते काढायला घरमालकाच्या कचेरीची लेखी परवानगी लागते असं त्यांना वाटतं.

मी विचारलं, तुमच्यावर संकट कुठलं आहे. म्हणाले, कार्ड येईपर्यंत माहीत नव्हतं, पण आलंय म्हणजे असणार. मग त्यांनी शोधून यादी केली. डावा गुडघा, मोठी वहिनी आणि तळघर. त्यातलं नक्की कुठलं ते अजून ठरत नाही.

कोळसा ते परत देईनात, तो देवाचा झाला म्हणे. ग्रिलवाल्यांनी नुसतं बटाट्याचं सॅलड खाल्लं आणि माझ्याशी दोन दिवस कुणी नीट बोललं नाही.

आल्झो, म्हणजे थोडक्यात, मामा, तुमचा कौल लागला, पण दुसऱ्यालाच. माझे त्रेचाळीस दिवस उरलेत.

ज्ञानदा


वाल्डॉर्फ, २२ मे २०२५

चि. ज्ञानदा,

आशीर्वाद द्यायच्या लायकीचा मी राहिलो नाही, तरी देतो.

तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही. सूनबाईला वाटलं पोट बिघडलं, तिने पेज केली. तिला काय सांगू. साधा पत्ता. तोही मी, आणि तोही देवीपुढे. वेंगुर्ल्याला माझ्या हाताखालच्या पोस्टमनने असं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

त्यात आणखी जखमेवर मीठ असं की पोस्टाच्या रीतीने तो म्हातारा बरोबर आहे. नाव नसलेलं टपाल ज्या दारात पडलं त्या दाराचं. मी रात्रभर दुसरी वाट शोधली, सापडली नाही.

म्हणून मी फ्राऊ लिनकडे गेलो. पत्ता बदलला की टपाल नव्या घरी वळवायचा फॉर्म इथे मिळतो असं ओजस म्हणाला होता. तसाच अर्ज मी देवीच्या नावे दोन प्रतींत लिहिला. विषय: काडी क्रमांक ५३ नवीन पत्त्यावर वळवणेबाबत. तुझा खोली नंबरसुद्धा घातला. अर्ज वाचून चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही उताण्या पडल्या. फ्राऊ लिन म्हणाली, याचा अर्थ नाही असा नव्हे आणि हो असाही नव्हे, याचा अर्थ देवी हसते आहे. परत टाकल्या, परत हसली. सात वेळा, ज्ञानदा. शेवटी शेवटी टेबलांवरचे लोक जेवण सोडून बघायला आले. मी सरकारी माणूस, मला कुणी असं हसलेलं नाही.

तेव्हा आता सरळ मार्ग. त्या विटेकोपांना मी रजिस्टर पत्र पाठवलं आहे, इंग्रजीत, की सदर नशीब आपणास चुकीने पोचलं असून ते मूळ हक्कदारास परत करावं. तोवर तू तिकडे पाऊल टाकू नकोस. तूच कोळसा नेऊन त्याचा कौल पक्का केलास. आपल्याच ताटातलं उचलून शेजाऱ्याच्या पानात वाढायचा धंदा आहे हा.

आत्माराममामा


ब्राउनश्वाइग, ६ जून २०२५

मामा,

नमस्कार, पण रागात.

तुमचं रजिस्टर पत्र पोचलं. हेर विटेकोपांनी चष्मा बदलून ते तीनदा वाचलं, फाईलमध्ये लावलं आणि तुम्हाला लेखी हरकत पाठवली आहे, मिळेलच. थोडक्यात, नशीब वापरात आहे, वापर संपल्यावर परत करतील.

मी तुमचं न ऐकता गेलेच होते. त्यांना विचारलं, तुम्हाला माझी मदत नक्की कशात हवी आहे, गुडघा की तळघर. ते म्हणाले, दुकान बंद केल्यापासून पंधरा वर्षांत माझ्याकडे कुणी काही मागितलेलं नाही, तेव्हा तू काहीतरी माग. मी थट्टेत म्हटलं, माझा प्रबंध वाचा. आईशप्पथ, थट्टेत. मामा, त्यांनी एकशे चाळीस पानं वाचली, पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन. माझा विषय तुम्हाला माहीत आहे, ओलाव्यात चिकटलेला सांधा का सुटतो. त्यांनी चाळीस वर्षं सरस लावून खुर्च्या केल्या. मी जे समीकरणात मांडते ते त्यांच्या बोटांना ठाऊक आहे.

आता खरी पंचाईत ऐका. या इन्स्टिट्यूटमध्ये आता एकच प्रोफेसर उरल्यात ज्यांच्याकडे मी सही मागू शकते, फ्राऊ झांडर. मंगळवारी त्यांना भेटायला गेले तर हेर विटेकोप बरोबर आले, कोट-टाय घालून, बगलेत घडीचं स्टूल. फ्राऊ झांडरनी खिडकी उघडली. अकरा विद्यार्थी आहेत, बाराव्याला वेळ नाही. मी बरं म्हणून निघाले. हेर विटेकोपही बरं म्हणाले, बाहेर आले, आणि त्यांच्या दारासमोर कॉरिडॉरमध्ये स्टूल उघडून बसले. थर्मासमधून कॉफी ओतली. म्हणाले, मी थांबतो. बुधवारी आले, गुरुवारी आले, आजही सकाळी आठ ते चार तिथेच आहेत. काही बोलत नाहीत. फ्राऊ झांडर आल्या-गेल्या की उठून उभे राहतात. सेक्रेटरीने आगीच्या नियमांचा माणूस बोलावला. त्याने टेपने मोजलं. स्टूल ठेवूनही एक मीटर वीस सेंटिमीटर वाट मोकळी राहते, म्हणजे बसायला हरकत नाही, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं त्याने लिहून दिलं.

मला शरमेने त्या कॉरिडॉरमधून जाववत नाही, मी तळमजल्यावरून वळसा घालते. जी एक शक्यता उरली आहे ती हे स्टूल मोडून टाकणार. मी विनवण्या केल्या, ते ऐकत नाहीत. तुमच्याबद्दल मात्र त्यांना आदर आहे, रजिस्टर पत्र पाठवणारा माणूस म्हणतात. तुम्ही त्यांना लिहा की घरी जा. चोवीस दिवस राहिलेत, मामा. मला परत जायचं नाही, मला हे पूर्ण करायचं आहे.

ज्ञानदा


वाल्डॉर्फ, ११ जून २०२५

चि. ज्ञानदा,

विटेकोपांना लिहिलं. घरी जा असं लिहिलं नाही.

रागावू नकोस. त्यांची हरकत मिळाली. हरकतीत प्रत्येक मुद्द्याला नंबर आहे, तारीख आहे आणि खाली सही वाचता येते. असा माणूस मी नोकरीत दोनदाच पाहिला. शिवाय जो बसल्या जागी वाट मोजू देतो त्याला उठवायचं नसतं. मी त्यांना एवढंच कळवलं की पाठ भिंतीला टेकून बसा, जेवणाच्या सुट्टीत जागा सोडू नका, साहेब जेवून आला की जरा नरम असतो. त्यांच्या गुडघ्यासाठी कुळथाचं पीठ पार्सल केलं आहे. ते खायचं की लावायचं, हे त्यांना तू समजावून सांग.

आणि तू तळमजल्यावरून वळसा घालणं बंद कर. तुझ्यासाठी माणूस स्टुलावर बसलाय, आणि तू तोंड लपवतेस. जाऊन शेजारी उभी राहा.

आत्माराममामा


ब्राउनश्वाइग, २७ जून २०२५

मामा,

सही झाली.

हे एकच वाक्य लिहून पाकीट बंद करणार होते, पण तुम्ही वीस ग्रॅमचा हिशेब मांडाल की एवढी जागा फुकट का घालवली.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी संतापले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. नंतर हेर विटेकोपांनी दुसरं स्टूल आणलं, मग मीही बसले. लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथेच काम करायला लागले. लोक आधी हसायचे, मग आम्हाला विचारून जायला लागले की सेक्रेटरी आत आहे का. आम्ही कुळथाचं पिठलं डब्यात घेऊन जात होतो. ते पीठ गुडघ्याला लावायचं नाही हे त्यांना पटवायला मला दोन दिवस लागले.

काल अठरावा दिवस. फक्त कामाचे दिवस धरून. फ्राऊ झांडर जेवून आल्या आणि आमच्यासमोर थांबल्या. मला नाही, त्यांना विचारलं, तुम्ही हिचे कोण लागता?

हेर विटेकोप उठून उभे राहिले, जॅकेटचं बटण लावलं आणि म्हणाले, "मी तिचा जुना पत्ता आहे."

  मग त्यांनी माझा प्रबंध उघडून फ्राऊ झांडरच्या हातात दिला. पान अठ्ठ्याऐंशी, सहावा तक्ता. म्हणाले, इथे पोरीने चूक केली आहे, एकेचाळीस तास असायला हवेत तिथे चौदा लिहिलेत, चौदा तासांत या गावात नोव्हेंबरमध्ये कुठलाच सरस वाळत नाही. बाकीची एकशे एकोणचाळीस पानं बरोबर आहेत. मी दोनदा वाचली. तुम्ही एकदा वाचा.

 ती चूक खरी होती, आकडे उलटे पडले होते, आणि हेर विटेकोप तीन आठवडे मला न सांगता ती खिशात ठेवून बसले होते. फ्राऊ झांडरनी तक्ता बघितला. मग माझ्या स्टुलावर बसल्या, तिथेच, कॉरिडॉरमध्ये, आणि वाचायला लागल्या. आम्ही दोघं उभे. एक तास दहा मिनिटं. मग मला तीन प्रश्न विचारले, फार अवघड, त्यातल्या दोहोंची उत्तरं मला आली. आत गेल्या आणि फॉर्म सही करून घेऊन आल्या. खिडकी उघडली नाही.

घरी जाताना मी हेर विटेकोपांना विचारलं, चूक आधी का नाही सांगितलीत. म्हणाले, चूक नसलेला कागद कोण थांबून वाचतो.

आता दर बुधवारी आणि रविवारी मी त्यांच्याकडे जेवते. बटाट्याचं सूप, मसुराचं सूप, पुन्हा बटाट्याचं. ते बोलत नाहीत फारसे. मी बोलते. कार्ड अजून फ्रिजवर आहे. ते आता माझ्या नावाने परत करायला तयार आहेत, पण मीच नको म्हटलं. तुमचा कौल चुकीच्या दारात पडला हे बरंच झालं, मामा. देवीला सांगा, अर्ज मागे घेतला.

तुमची
ज्ञानदा


वाल्डॉर्फ, १ जुलै २०२५

चि. ज्ञानदा,

आशीर्वाद, यावेळी वजन न करता.

पत्र सूनबाईला वाचून दाखवलं, ओजसला दाखवलं, मग हॉटेलात नेऊन फ्राऊ लिनला इंग्रजीत सांगितलं. तिने मला फुकट सूप दिलं. मी सुलेखाला फोनसुद्धा केला. ती रडली, पण नीट रडली.

विटेकोपांचं वेगळं पत्र मला आलं आहे. ते पेन्सिलने लिहिलेलं आहे आणि त्यात पिठल्याची कृती मागितली आहे. मोठ्या वहिनीचं काय ते त्यांनी लिहिलेलं नाही.

एक मात्र तुझं मला मान्य नाही. चुकीच्या दारात पडला असं तू लिहितेस. अगं, प्रोफेसरचं मी देवीला विचारलंच नव्हतं. ते कचेरीचं काम, कचेरीत होतं किंवा होत नाही, देवीला त्यात कशाला ओढायचं. एकच प्रश्न विचारायची मुभा होती. त्या दिवशी सुलेखा फोनवर प्रोफेसरसाठी थोडी रडली आणि दुसऱ्या गोष्टीसाठी जास्त रडली. म्हणाली, पोरगी व्हिडिओ कॉलवर दिसते तेव्हा उभ्याने पाव खात असते. बसून जेव म्हटलं तर म्हणते, एकटीसाठी कोण ताट वाढून घेणार.

तेवढंच मी विचारलं. तुला सांगायचं नव्हतं, आईने चहाड्या केल्या असं वाटलं असतं. मी देवीपुढे हात जोडून म्हटलं, बा म्हाराजा, ह्या चेडवाक, आमच्या पोरीक, कोणीतरी घरात घेवंदे, बसवन जेवूक घालूंदे.

बुधवारी कुठलं सूप होतं ते कळव.

तुझा
आत्माराममामा